शंभरातली एक

चेरीताल, जबलपूर
१७ जानेवारी २०२४

चि. अंतरास,
इंदिरा आजीचे आशीर्वाद.

फोनवर तू "आजी परत बोल, परत बोल" करून राहिली होतीस, म्हणून हे पत्र. परत काय बोलू? डॉक्टरांनी जिभेची डावी बाजू कापून नेली, मानेतल्या गाठी नेल्या, न मनगटाची कातडी काढून तोंडात थिगळ लावलं. आता मी बोलते ते मलाच कळत नाही. परवा संक्रांतीला समोरच्या बायका आल्या, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणाल्या. मी पाटीवर लिहून दाखवलं, गोड कधी बोललीच नव्हती, आता तिखटही गेलं, तुम्हाला सुटका. एक हसली, बाकीच्या रडल्या. रडणाऱ्यांना मी चहा दिला नाही.

गंमत ऐक. माझं बोलणं साऱ्या मोहल्ल्यात एकालाच कळतं, तुझ्या बाळाजीकाकाला. सेहेचाळीस वर्षांचा झाला, डोकं पाच वर्षांच्या पोराचं, पण मी तोंडातून कसाही आवाज काढला तरी त्याला बरोबर समजतं. दूधवाल्याला म्हणतो, "आई बोल रही है कल पानी ज्यादा था." दूधवाला माझ्याकडे पाहतो, मी मान हलवते. जन्मभर मी त्याचं बोलणं लोकांना समजावलं, आता तो माझं समजावून राहिला.

तुझा बाप ऑपरेशननंतर आला होता तेव्हा दवाखान्यातून माझ्या जिभेचा मेणात बसवलेला तुकडा पुण्याला तुझ्या लॅबमध्ये घेऊन गेला. आता तुझा फॉर्म आला आहे. चौथी शिकलेल्या बाईला चार पानं! तीन दिवस लागले, पण सगळी वाचली. तिसऱ्या पानावर लिहिलं आहे की या तपासणीचा मला स्वतःला काही फायदा नाही. मग कोणाला आहे? तुम्ही त्या तुकड्यात काय पाहता, ते मला समजेल असं लिही. कळल्याशिवाय मी सही करत नसते. तुझ्या आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर पण केली नव्हती.

तुझ्या आईबापाला, मेघाला न अंबूला, आशीर्वाद.

आजी

---

पुणे
२६ जानेवारी २०२४

ती. आजीस,
सा. न.

तुझं पत्र आमच्या मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आजवर फॉर्मची चारही पानं वाचणारी पहिलीच पेशंट. बाकीचे सही कुठे करायची एवढंच विचारतात.

समजावायचा प्रयत्न करते. गाठ फार वेगाने वाढते. रक्ताच्या नळ्या तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे गाठीत काही पेशी नळीपासून लांब पडतात, त्यांना प्राणवायू कमी मिळतो. बऱ्याच मरतात. काही मात्र मरत नाहीत. त्या काही ठरावीक प्रथिनं बनवायला लागतात आणि हवेवाचून जगायला शिकतात. आम्ही मेणातल्या तुकड्याचा अगदी पातळ काप काढतो, काचेवर ठेवतो आणि एक रंग घालतो. जिथे ते प्रथिन असेल तिथे काप तपकिरी होतो. मग दोघीजणी वेगवेगळ्या बसून तो पाहतात आणि गुण देतात. काहीच नाही तर शून्य, फिकट असेल तर एक, सगळ्यांत गडद असेल तर तीन.

शेक असतो ना, रेडिएशन, त्याला काम करायला पेशीत प्राणवायू लागतो. म्हणून बिनहवेच्या पेशी शेकाने सहज मरत नाहीत. आम्ही जबड्याच्या, जिभेच्या, घशाच्या शंभर गाठी घेतल्या आहेत. रंग लिहून ठेवायचा आणि पुढे पाच वर्षं त्या माणसांची खबर घ्यायची. गडद असलेल्यांपैकी कमी लोक पाच वर्षांनी भेटतात असं दिसतं. पण गडद असूनही आज नातवंडं खेळवणारे आहेत, आणि फिकट असून वर्षात गेलेलेही. म्हणून कोणालाही त्याचा स्वतःचा रंग सांगायचा नाही असा नियम आहे. शंभरांबद्दल आम्ही काही म्हणू शकतो, एकाबद्दल नाही.

आता माझं काम. तुझं रक्त नऊवर आलंय. शेक सुरू होण्याआधी ते वाढायला हवं, कारण हवा पोचवतं ते रक्तच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास बंद. आणि हिरड्यांना तंबाखूची गुडाखू घासणं तर कायमचं बंद. चोरून घासलीस तर काका मला सांगेल.

तुझी
अंतरा

---

चेरीताल
४ फेब्रुवारी २०२४

चि. अंतरास, आशीर्वाद.

उपास सोडले. देवाला सांगितलं, पन्नास वर्षांचे जमा आहेत, त्यातून वळते कर. गुडाखू पण सोडली. डबी बाळाजीने नालीत फेकली, तुझं नाव सांगून. त्याला तंबाखूशिवाय इतका जोर कुठून येतो कोण जाणे.

तू लिहिलेलं मला समजलं. आमच्या पाटणला, माझ्या माहेरी, गव्हाची कोठी शेणामातीने लिंपून बंद करायचे. आत हवा नाही, किडे गुदमरून मरायचे. पण चैतात कोठी उघडली की तळाशी दहा-वीस किडे आरामात चालत असायचे. माझी आजी म्हणायची, हे वेचून चुलीत टाका, हे जर धान्यात राहिले तर यांना ना ऊन मारेल ना निंबाचा पाला. ते किडे म्हणजे तुझं तपकिरी. बरोबर ना? यासाठी तुम्हाला पंधरा वर्षं शाळा लागते होय.

शंभरांचं मला काय करायचं? मी एकच आहे. मला माझा रंग पाहिजे. काहून पाहिजे ते सांगते, न हे तुझ्या बापाला दाखवू नकोस.

बाळाजीला नवी गोष्ट शिकायला वर्ष लागतं. चपलेचा डावा-उजवा कळायला तीन लागली होती. मी गेल्यावर तो कुठे राहील? अंबू म्हणतो पुण्याला अशांची संस्था आहे, चांगली आहे. असेल. दोन वर्षांमागे तुमच्या अकराव्या मजल्यावर आणला होता तर लिफ्टचं दार बंद झालं की ओरडायचा. मेघाचा दोष नाही, तिने खूप केलं. पण तिथे तो मरेल. सिहोऱ्याला माझी भाची अमिता आहे, तुझी आत्या. तिच्या नवऱ्याची, अतुलची, पिठाची चक्की आहे, अंगण आहे, गाय आहे. दोघं म्हणतात आम्ही ठेवतो. पण एकदम टाकून चालायचं नाही. पहिले आठ दिवस, मग पंधरा, मग महिना, असं पाठवत पाठवत ते घर त्याला आपलं वाटायला पाहिजे. माझ्याजवळ वर्ष असेल तर आजपासून पाठवायला लागेन, रडला तरी. तीन-चार वर्षं असतील तर हळूहळू. मला हिशेब पाहिजे तो एवढ्यासाठी. मरायची हौस म्हणून नाही.

फॉर्मवर सही केली आहे. पण अट ही, की रंग मला कळवायचा. दोन वेळा विचारून राहिली, तिसऱ्यांदा विचारणार नाही. न हेही ऐकून ठेव, गडद निघालं तर मी शेक घेणार नाही. किडे मरायचेच नसतील तर तोंड कशाला भाजून घ्यायचं? त्या दिवसांत बाळाजीला सिहोऱ्याची बस दाखवीन.

आजी

---

पुणे
२३ फेब्रुवारी २०२४

माझ्या लाडक्या आजीस,
सा. न. वि. वि.

कशी आहेस? इकडे आता थंडी सरली. गच्चीवरच्या कुंड्यांत आईने मेथी लावली आहे, छान आली आहे. बाबांना ऑफिसात फार काम असतं. नर्मदा जयंतीला ग्वारीघाटावर तू गेली असशील का, गर्दीत धक्का तर लागला नाही ना, असं सारखं मनात येत होतं.

तुझी स्लाइड पाहिली. नियमात बसत नाही, पण तू अट घातलीस म्हणून सांगते. फिकट आहे. एक. म्हणजे शेक चांगला काम करील असं वाटतं. तेव्हा सगळे तेहेतीस दिवस न चुकता घे. मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं म्हणतात, पण सवय होते.

काळजी करू नकोस. काकाला माझा नमस्कार सांग.

तुझीच
अंतरा

---

चेरीताल
१२ मार्च २०२४

चि. अंतरास, आशीर्वाद.

पत्र पोचलं. एक म्हणजे एक. चलो, ठीक झालं. तीन वेळा वाचलं, मग कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं.

शेक सुरू आहे, दहा झाले. प्लास्टिकचं जाळीचं तोंड बनवलं आहे माझ्या तोंडाच्या मापाचं, ते वरून दाबून टेबलाला ठोकतात. पहिल्या दिवशी मी हात आपटले तर मशीनवाल्या पोरीला कळेना. बाळाजी दारातून ओरडला, "दीदी, आई की नाक दब रही है!" तिने ढिलं केलं. तेव्हापासून ती त्याला आत काचेपर्यंत येऊ देते. चिराग म्हणून एक डॉक्टर आहे, पोरगेलासा, तो बाळाजीला "सर" म्हणतो. बाळाजी मागे वळून पाहतो, सर कोण आहे म्हणून.

तोंडात फोड आले आहेत, थुंकी सुकली, खिचडी पण रेतीसारखी लागते. होऊ दे.

आता सिहोऱ्याचं सांगते. तुझं पत्र यायच्या आधी दोनदा पाठवून पाहिला. पहिल्यांदा चार दिवस रडला, जेवला नाही. दुसऱ्यांदा अमिताचा डोळा चुकवून सकाळीच बसस्टँडवर जाऊन बसला. जबलपूरहून आलेल्या एकेका कंडक्टरला सांगायचा, "मेरी आई को उतारो." संध्याकाळपर्यंत बसला होता, लघवीला सुद्धा उठला नाही. अतुलने उचलून आणला. तो घरी आला तेव्हा माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपला. एवढा मोठा बाप्या.

म्हणून तुझं पत्र वाचलं न अमिताला कळवून दिलं की आता राहू दे. घाई नाही. पुढल्या दिवाळीनंतर पाहू, मी बरोबर जाईन, हळू सवय लावू. वेळ आहे तर त्याला काहून छळायचं?

रक्त साडेदहा झालं. चुकंदर, तुमचं ते बीट, खाऊन खाऊन मीच लाल झाली.

आजी

---

पुणे
२९ मार्च २०२४

ती. आजीस,
सा. न.

आता शेकाचे थोडेच दिवस उरले असतील. बाबा रोज फोन करतात हे मला माहीत आहे, पण तू लिहिलंस की बरं वाटतं.

एक विचारू? काकाला सिहोऱ्याला पाठवणं थांबवू नकोस ना. रंग कसाही असला तरी वय आहेच तुझं. एका रंगावर एवढं ठरवू नये. मी तुला लिहिलंच होतं की एकाबद्दल आम्हाला नक्की सांगता येत नाही. चार-चार दिवस तरी पाठव. मी सुट्टी काढून त्याच्याबरोबर जाऊन राहू का?

अंतरा

---

चेरीताल
२२ एप्रिल २०२४

चि. अंतरास, आशीर्वाद.

शेक संपला, मी आहे. गळा आतून सोलला आहे, पण डॉक्टर म्हणतात साफ दिसतं.

तू मला काय शिकवून राहिलीस? आधी रंग सांगतेस, मग म्हणतेस रंगावर ठरवू नको. फिकट आहे ना? मग? माझ्या वयाचं मला माहीत आहे, आमच्या घरात बायका नव्वदीपर्यंत लोकांना छळतात. बाळाजी इथे खूश आहे. सकाळी दूध घेतो, दुपारी माझी औषधं पुढे ठेवतो, लाल गोळी पहिले, पांढरी मागून. हे त्याला दोन महिन्यांत आलं, कोणी शिकवलं नाही. तू सुट्टी काढून ये, पण इथे ये. सिहोऱ्याला काय ठेवलं आहे?

या वर्षी कैरीच्या लोणच्याची मला चव कळायची नाही. बाळाजीला मीठ चाखायला लावीन न घालीन. बिघडलं तर तुला पाठवीन.

आजी

---

पुणे
११ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,
सा. न.

काल बाबांनी सांगितलं. मानेच्या उजव्या बाजूला गाठ आहे आणि फुप्फुसातही डाग दिसले आहेत, आता ऑपरेशन होणार नाही.

मला एक सांगायचं आहे आणि ते फोनवर काकामार्फत सांगता येणार नाही.

तुझी स्लाइड फिकट नव्हती. तीन होती. त्या दिवशीच्या सगळ्या स्लाइडमध्ये सर्वांत गडद. मी दुर्बिणीतून पाहिली तेव्हा वाटलं रंग जास्त पडला असेल, म्हणून काप पुन्हा रंगवला. पुन्हा तसाच आला. वैभवीने, माझ्याबरोबरच्या मुलीने, तिचे गुण वेगळे दिले होते, तिचेही तीनच. तिला ठाऊक नव्हतं ते कोणाचं आहे.

तू लिहिलं होतंस, गडद निघालं तर शेक घेणार नाही. शेकाने थोडीफार तरी मदत झालीच असती. म्हणून मी एक लिहिलं. वाटलं, एकदा शेक संपला की खरं सांगेन. मग तू लिहिलंस की काकाला सिहोऱ्याला पाठवणं थांबवलं. मी फिरवून फिरवून सांगायचा प्रयत्न केला, सरळ सांगायची हिंमत झाली नाही. मग तुझं "साफ दिसतं" आलं आणि मी स्वतःला समजावलं की गडद असून जगणाऱ्यांतली तू असशील.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते, कारण तुला कशासाठी ठाऊक असायला हवं होतं ते मला माहीत होतं.

अंतरा

---

चेरीताल
२० सप्टेंबर २०२४

अंतरास,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहिलं असतं तर तू जन्मभर ते जपून ठेवलं असतंस, न मला ते नको आहे. म्हणून चार दिवस थांबली.

तू माझं काही बिघडवलं नाहीस. गाठ यायची ती आली. बाळाजीचे सात महिने खाल्लेस तू. सात महिन्यांत तो औषधांच्या गोळ्या शिकला, एक घर शिकला नसता?

न शेकाचं म्हणशील तर ती धमकी होती, पोरी. तुझ्या आजोबांना चाळीस वर्षं मी धमक्या दिल्या, माहेरी जाईन, विहिरीत जाईन, पाटणची बस पकडीन. एकही खरी केली नाही. ते पेपर खाली न करता "बरं" म्हणायचे. तू त्यांची नात, न एवढं पण ओळखू नाही शकलीस? खरं सांगितलं असतंस तर मी दोन दिवस भांडी आपटली असती न तिसऱ्या दिवशी शेकाला गेली असती. एक हात शेकाला, दुसरा सिहोऱ्याला. दोन्ही झालं असतं.

हे तुझं. आता माझं.

कुंकवाच्या करंड्याखालून तुझं ते पत्र काढलं. "माझ्या लाडक्या आजीस". जन्मात तू मला असं लिहिलं नव्हतंस. मेथी, कुंड्या, थंडी. दीड पान इकडचं तिकडचं न मधे एक ओळ. दूधवाला पाणी घालतो तेव्हा असाच बोलतो, घरच्यांची तब्येत विचारतो. मला पहिल्याच वाचण्यात कळायला पाहिजे होतं. मी तीन वेळा वाचलं न तीनही वेळा मला पाहिजे तेच वाचलं. काहून की तो बसस्टँडवरून आला होता न पदर मुठीत धरून झोपला होता, न मला त्याला परत पाठवायचं नव्हतं. खोटं तू लिहिलंस, पण ते घेतलं मी, मोजून, पदरात बांधून.

म्हणून अर्धं तुझं, अर्धं माझं. पुढे मला काय करायचं ते मी पाहून राहिली. डॉक्टर चिरागला विचारलं, किती? तो बाळाजीकडे पाहायला लागला. बाळाजी म्हणाला, "सर, आई पूछ रही है कितना." मग त्याने सांगितलं. दिवाळी बघाल, होळीचं सांगता येत नाही. हा पोरगा बरा आहे.

आजी

---

पुणे
२८ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,
सा. न.

मॅडमना सगळं सांगितलं. रंग पेशंटला सांगितला हे एक आणि चुकीचा सांगितला हे दुसरं. स्लाइडला गुण देण्याचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, आता फक्त नोंदी ठेवायच्या. बरोबर केलं त्यांनी.

वहीत मात्र मी खरंच लिहिलं होतं. तुझा नंबर त्र्याहत्तर. रंगाच्या रकान्यात तीन आहे. त्याच्यापुढे शेकाचे दिवस, रक्त किती, आणि शेवटचा रकाना तारखेचा. तो रिकामा आहे. शंभरांपैकी अजून साठांचा रिकामा आहे. हे रकाने भरतात तेव्हाच कळतं की रंगाला काही अर्थ होता की नाही. तुला हवं असेल तर तुझं नाव मी काढून टाकायला सांगते. सही मागे घेता येते, चौथ्या पानावर लिहिलं आहे.

मी येते. काकाला पुण्याला आणते, मी दुसरीकडे खोली घेईन, तळमजल्यावर. लिफ्ट नसलेली. सांग कधी येऊ.

अंतरा

---

सिहोरा
७ नोव्हेंबर २०२४

चि. अंतरास, अनेक आशीर्वाद.

वरचा गाव पाहून दचकली असशील. महिना झाला, मी इथे आहे.

सात महिने परत येत नाहीत, तेव्हा मी दुसरा विचार केला. बाळाजीला मी वेगळा पाठवते तर तो मला शोधत बसस्टँडवर बसतो. तो जागेच्या मागे जात नाही, माझ्या मागे जातो. मग मीच पुढे आली. चेरीतालचं घर बंद केलं. माझी खाट, माझा आरसा, पाटी, कुंकवाचा करंडा, त्याची घोंगडी, सगळं अतुलच्या टेम्पोतून आणलं. तो खाटेजवळ बसून आला, विचारलं सुद्धा नाही कुठे चाललो. आईची खाट जिथे, ते घर. इतकी साधी गोष्ट मला पंचाहत्तराव्या वर्षी सुचली, न ती पण तू खोटं बोललीस म्हणून.

दिवाळी इथेच झाली. गिळता येत नाही, नाकात नळी आहे. आवाज गेलाच. तरी बाळाजी माझं बोलणं लोकांना सांगतो, आता माझ्या नुसत्या बोटावरून. कधी कधी मी काहीच बोललेली नसते तरी सांगतो. परवा अमिताला म्हणाला, "आई म्हणते बाळाजीला अजून एक अनरसा दे." मी म्हटलं नव्हतं. मी मान हलवली.

पहिले आठ दिवस चक्कीच्या आवाजाला घाबरला. मग अतुलने त्याच्या हातात पोत्याचं तोंड दिलं. वरून पीठ गरम गरम पडतं, ते त्याला आवडलं. आता सकाळी स्वतःच जाऊन पोतं धरून उभा राहतो, भुवया पांढऱ्या होईपर्यंत. दुपारी माझ्याजवळ येतो, मला दाखवतो. गिऱ्हाइकं त्याला "बाळाजी भैया" म्हणतात. तुझा बाप आला होता, तासभर पाहत उभा राहिला, मग संस्थेचा कागद खिशातल्या खिशात फाडला. मला दिसलं नाही असं त्याला वाटतं.

आता पुढचं. हे अंबूलाही सांगितलं आहे, तू पण लक्षात ठेव, तो ऐन वेळी ढिला पडतो.

आपल्या घरातली सगळी माणसं ग्वारीघाटावर गेली. तुझे आजोबा, त्यांचे आई-बाप. मी पण म्हणत आली की माझी लाकडं नर्मदेवरच रचा. ते आता नाही. मला जबलपूरला नेलं तर तो गाडीमागे येईल न मग त्या घाटावर बसून राहील, येणाऱ्या प्रत्येकाला म्हणेल मेरी आई को उतारो. मला इथेच हिरन नदीच्या काठी जाळा. त्याच्यासमोर. दूर ठेवू नका, लहान आहे म्हणू नका, त्याला दिसू द्या की आई कुठे गेली न कुठेच बसने गेली नाही. मग अतुलने त्याला हाताला धरून सरळ चक्कीवर न्यायचं न पोत्याचं तोंड हातात द्यायचं. सुतक-बितक मी पाहून घेईन. अंबूला राख नर्मदेत टाकायची हौस असेल तर त्याने ती पिशवीत लपवून न्यावी, बाळाजीला सांगून नाही.

तळमजल्यावरची खोली घेऊ नकोस. तुला शिक्षा पाहिजे आहे ना, ती घे. दर वर्षी आठ दिवस इथे यायचं न त्याच्याजवळ बसायचं. त्याचं बोलणं शिकायचं. अमिता माझ्याहून पंधरा वर्षांनीच लहान आहे, पुढे कोणाला तरी ते यायला पाहिजे. पहिले दोन दिवस काही कळणार नाही. परत बोल, परत बोल म्हणू नकोस, तो रागावतो.

न तुझी वही. माझं नाव काढायचं नाही. मी चार पानं वाचून सही केली आहे. तो तुकडा तसाच मेणात राहू दे. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं मला फायदा नाही. बरोबर होतं. पण पुढे कोणी बाई विचारेल, माझ्याजवळ किती दिवस आहेत, माझ्या पोराला कुठे ठेवू, तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असावं. त्र्याहत्तर नंबर, रंग तीन, शेक तेहेतीस, रक्त साडेदहा. एक पण आकडा गोड करू नकोस.

शेवटच्या रकान्याची तारीख अमिता कळवील.

आजी